सदतिसाव्या पानावरचा ठिपका

एक गुरुवार आड पुस्तकांची बस येते,
चर्चमागच्या वळणावर, दोन वाजून दहा मिनिटांनी.
रेइयो इंजिन बंद करत नाही;
उणे चोवीसमध्ये बंद केलं तर रुसतं, म्हणतो.
म्हणून आमच्या गावात सगळे
थरथरत्या फळ्यांवरून पुस्तकं निवडतात.

माझी खूण सदतिसाव्या पानावर:
आकड्याखाली पेन्सिलीचा एक ठिपका.
वाचलेलं पुन्हा घरी येऊ नये, एवढ्याचसाठी.
गुन्हा आहे, ठाऊक आहे.
चाळीस वर्षं लाकडाच्या वखारीत हिशेब लिहिले,
तिथे आगाऊ ठिपका एकही सापडणार नाही.

मी एकटीच नाही.
बाराव्या पानावर फुली मारणारं कुणीतरी आहे,
साठाव्यावर इवलासा मासा काढणारं कुणीतरी.
बसमध्ये आम्ही एकमेकांना गुडघ्यांची खुशाली विचारतो,
बाकी अळीमिळी गुपचिळी.

फुलीशी माझं जमत नाही.
तिला डॉक्टर लागतात, गैरसमज लागतात
आणि शेवटी लग्न.
माशावर मात्र भरवसा.
मासा असला की पहिली शंभर पानं
कुणी काही करत नाही, नुसतं बर्फ उपसतात,
आणि मग एकशे चौथ्या पानावर एक बाई
नवऱ्याचे बूट दाराबाहेर ठेवते
आणि मला समोरचं ताट सरकवावं लागतं.

मी कादंबऱ्यांवर रागावते. मोठ्यानं.
त्या दीपस्तंभाच्या गोष्टीत लेखकानं पोराला बुडवलं,
केवळ बापाला शेवटी रडता यावं म्हणून.
तीन दिवस ते पुस्तक सरपणाच्या पेटीवर पालथं पडलं होतं.
चौथ्या दिवशी उचललं.
पोरगा बुडलेलाच होता.

आणि ती माणसं! प्रेम सांगायचं असतं
आणि चारशे पानं हवामानावर बोलतात,
ताकाला जाऊन भांडं लपवतात.
त्यांना तर मी नावानिशी झापते.
एस्कोला शेवटचं दवाखान्यात नेलं तेव्हा
मी त्याला विचारत होते, गाडीत पेट्रोल आहे ना.

मागच्या खेपेला एक निळी कादंबरी आणली.
मिठाचा व्यापारी. त्याला पत्र येतं. तो उत्तर लिहीत नाही.
बस, एवढंच. पण बटाटे करपले,
अकराच्या बातम्या हुकल्या,
सदतिसावं पान कधी मागे पडलं कळलं नाही.
संपल्यावर खूण करायला परत गेले.

आकड्याखाली ठिपका होता.
ठिपक्याशेजारी ठिपका.
आणि तिसरा, जरा कापऱ्या हाताचा.

चष्मा पुसून पाहिला.
म्हणजे तीनदा हा माणूस माझ्या स्वयंपाकघरात येऊन गेला,
तीनदा त्यानं पत्राला उत्तर दिलं नाही,
आणि तिन्ही वेळा मी, बहुतेक, त्याला गाढव म्हणाले.
एक ओळ आठवत नाही.
वखारीच्या वहीत असं कधी झालं नव्हतं.

ओउलूला मुलीला फोन लावायला हात गेला.
मग वाटलं, आधी साठावं पान बघू.

दोन मासे.
एकाच दिशेला तोंड केलेले, दुसरा जरा जाडसर.

बराच वेळ तशीच बसले. चुलीत एक ओंडका फुटला.
मग पेन्सिलीला टोक काढलं
आणि चौथा ठिपका दिला, नीट, गोल,
पगारपत्रकावर द्यावा तसा.

काल पुस्तक परत केलं.
कसं होतं, रेइयोनं विचारलं.
म्हटलं, चांगलं आहे, पहिल्यांदाच वाचलं.
माझ्यामागे रांगेत कुणीतरी घसा खाकरला:
ते निळं आलं का परत?

मी वळले नाही.
गुपचिळी म्हणजे गुपचिळी.